खरी नक्कल

कुर्ला कोर्टात मी दुभाषी.
सोळा वर्षं दुसऱ्यांचे शब्द तोंडात धरून
पलीकडे नेऊन ठेवते,
मांजर पिलं नेते तसे, दात न लावता.

त्या दिवशी फिर्यादीत एक शब्द आला: बर्लेस्क.
वकिलांनी तो असा उच्चारला
जणू पंचनाम्यात सापडलेली वस्तू.

हकीकत एवढीच, की नेहरूनगरच्या एका सोसायटीत
गणपतीतल्या सातव्या रात्री
इंद्रकुमार घाग, धंदा वायरिंग,
डोक्याला पंचा, कानात कुकरची शिट्टी,
उलट्या बादलीवर बसून
दशावतारी राजाच्या आवाजात गरजला:
"कोण आहे रे तिकडे!
ए-विंगचे घडे कोरडे असता
बी-विंगच्या व्हॉल्व्हास हात घालणारा
हा कोण पातकी? जाणत नाहीस मजला?
मी टाकीनाथ, पंपकुलोत्पन्न,
तीन टर्मचा चक्रवर्ती!"

दोनशे माणसं हसली.
सेक्रेटरी चुरी पहिल्या रांगेत होते.
त्यांच्या खांद्यावर तसलाच पंचा असतो, रोज.

साक्षीदार वॉचमन रामसजीवन, मूळ गाव बस्तीकडलं.
म्हणून हिंदी हवी.
साहेब म्हणाले, "मॅडम, शब्दाला शब्द द्या."

द्यायला गेले.
विडंबना म्हणावं, तर हिंदीत ती नशिबानं केलेली चेष्टा,
तिला पंचा लागत नाही.
मराठीत विडंबन ठीक, पण ड चा ट झाला की विटंबना,
आणि मग कलमच बदलतं.
प्रहसन? परीटघडीचा शब्द,
वॉचमनच्या केबिनमध्ये मावला नसता.
स्वाँग जवळचा, पण त्याच्या मराठी भावाला
ढोंगाचा वास येतो.
ताप चढला तरी आई म्हणायची, सोंगं करू नकोस.
भँड़ैती वकिलांना आवडली असती.
ती म्हणजे निकालाआधीच घागला शिक्षा.

मूळ म्हणे इटलीतलं, बुर्ला, साधी थट्टा.
पुढे कुठल्या कुठल्या देशांत
याच नावाखाली बायका
पिसांच्या पंख्याआडून एकेक मोजा उतरवू लागल्या.
साहेबांना तेवढंच ठाऊक असावं.
त्यांनी चष्म्यावरून विचारलं,
"आरोपीच्या अंगावर कपडे होते ना?"
होते, साहेब. जास्तच होते.

कसं सांगू त्यांना,
की व्हॉल्व्हला मुकुट घालायचा
नाहीतर मुकुटाला व्हॉल्व्ह बसवायचा,
गुन्हा एवढाच आहे,
आणि गळतं ते आधीपासूनच गळत असतं.

शेवटी शब्द खाली ठेवला. सरळ विचारलं,
"उस रात घाग ने क्या किया?"
रामसजीवनने टोपी काखेत घेतली.
"नकल उतारी, साहब."
मग जरा थांबून,
"असल से अच्छी थी."
तुम्ही हसलात का?
"ड्यूटी पर था. टोपी मुँह पर रखके हँसा."

मी म्हटलं, लिहा: नक्कल केली.
स्टेनोची बोटं थांबली.
"नक्कल तर तळमजल्यावर मिळते, मॅडम.
अर्ज करायचा, तिकीट लावायचं."
साहेब हसले नाहीत. पेन उघडून बंद केलं.
शब्द राहिला.

फेब्रुवारीत तडजोड झाली.
टाकी अजून तशीच आहे म्हणतात.

परवा जेवणाच्या सुट्टीत खाली गेले
तर नक्कल विभागाच्या खिडकीशी चुरी उभे.
साक्षीचे कागद हवे होते त्यांना. कशाला,
ते मी विचारलं नाही.
कारकुनाने पानापानावर जांभळा शिक्का हाणला:
खरी नक्कल. खरी नक्कल.

चुरी तिथेच भिंतीला टेकून वाचू लागले.
पंपकुलोत्पन्नपाशी अडले.
इकडेतिकडे पाहिलं,
शब्द एकदा ओठांत घोळवला,
मग दुसऱ्यांदा, थोडा खर्जात.
मान सावकाश वर गेली,
डोक्यावरचं काहीतरी सांभाळावं तशी.